घर सुनं नाही ठेवायचं

शकुनला भुताची भीती वाटत नसे. टोलीबाहेरच्या बोडीवर, म्हणजे त्या लहानशा तलावावर, चिंचेत भूत राहतं असं सगळे सांगायचे, आणि ही कार्टी जाता-येता त्या चिंचेला वाकुल्या दाखवायची. तिला भीती होती ती रिकाम्या घराची. घरात आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही एवढं कळलं की तिचे हात थंडगार पडत आणि तोंडातून शब्द फुटत नसे. म्हणून तिने एक साधा उपाय काढला होता. आईचा पदर सोडायचाच नाही. सुलोचना विहिरीवर निघाली तरी छोटी मिरवणूकच निघायची. डोक्यावर घागर, खाली सुलोचना आणि मागे पदराला लोंबकळणारी ही सहा वर्षांची पोर.

"सुलोचने, पोट्टीले पदराले शिवून घेतलं का वं?" विहिरीवरच्या बाया विचारायच्या.

सुलोचना हसायची. टोलीत कोण कुणाला किती दिवस हसणार? हसणाऱ्या बायांनाही सगळं ठाऊक होतं.

आंधळगावपासून कोसभर आत, धानाच्या बांध्यांच्या, भाताच्या खाचरांच्या मधोमध ती टोली, मोजक्या घरांची वस्ती. दोन वर्षांपूर्वी रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत सुलोचनाचा नवरा परसराम बांधीचं पाणी फोडायला गेला आणि त्याला पान लागलं. साप चावला असं तिकडे कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात; नाव घेतलं नाही म्हणून विष काही कमी चढत नाही. दुपारची वेळ होती. कुणीतरी ओरडत आलं तेव्हा सुलोचना जेवत होती. ती खरकट्या हातानेच धावली. चार वर्षांची शकुन आत झोपली होती. कुत्रं घरात शिरू नये म्हणून सुलोचनाने जाता जाता बाहेरून कडी घातली. आत्ता परत येते, असंच तिच्या मनात होतं. मग सगळी टोली बांधीवर लोटली, मांत्रिक आला, गाडी जुंपली, आणि गाडी अर्ध्या वाटेतून परत आली. पोरीची आठवण झाली तेव्हा घरोघर दिवे लागले होते.

कडी काढली तर शकुन दाराला चिकटून उभी. रडून रडून तिचा आवाज गेला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज नाही. आणि दार उघडल्याबरोबर तिला समोर काय दिसलं, तर अंगणात निजवलेला बाप. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात हे दोन्ही एकच होऊन बसलं. घर रिकामं झालं की कोणीतरी मरतं. तिला कोण समजावणार? मोठ्यांना तरी काय कळलं होतं!

परसरामचा बाप गोमाजी. म्हातारा बोलायला काटेरी, पण सुनेच्या ताटात आधी वाढलं की नाही हे बघून मगच घास घेणारा. बायको कधीचीच गेलेली. धाकटा मुलगा भैय्यालाल शेजारच्याच भिंतीआड वेगळा राहायचा. त्याची बायको लीलाबाई वाईट नव्हती, पण तिच्या पदरी तिची चार होती. गोमाजीने वर्षभर विचार केला आणि एके दिवशी जेवता जेवता बोलून टाकलं.

"सुलोचना, तू पाट लाव."

सुलोचनाच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्या जातीत त्याला बंदी नव्हती, पण हौसही नव्हती. वाजंत्री नाही, मांडव नाही.

"मामाजी, मी काय जड झाली का तुमाले?"

"जड कायची वं? मी आज आहो, उद्या नाही. भैय्यालालचं त्याच्या पोराइले पुरत नाही. तू चोवीस वर्साची. मी मेल्यावर तू कोनाच्या तोंडाकडं पाहशीन?"

ती नाही म्हणाली. तीनदा नाही म्हणाली. मग बपेऱ्याचा जागेश्वर बघायला आला. बायको बाळंतपणात गेलेली, पाठीमागे दोन लेकरं. अंगणात खाटेवर बसून तो फार काही बोलला नाही. पाणी प्यायला, मग उठून स्वतःच तांब्या विसळला आणि पालथा घालून ठेवला. एवढंच. पण ते सुलोचनाने दाराआडून पाहिलं, आणि रात्रभर तिला तो पालथा तांब्या दिसत राहिला, आणि रात्रभर तिला स्वतःची लाज वाटत राहिली. माणसाने एवढ्यावर भुलावं का? पण दोन वर्षांत तिच्याकडे कुणी एवढंही सुख आणलं नव्हतं, तर भुलावं नाही तर काय करावं!

शकुनचं काय, हा प्रश्न तिने विचारण्याआधीच जातीच्या पंचांनी सोडवून टाकला होता. पाटाची बाई एकटी जाते. पोर बापाच्या घरची. जागेश्वर आपणहून म्हणाला होता, पोरगी आली तरी माझी ना नाही. पंचांनी मान हलवली. आणि गोमाजी, जो तिच्यासाठी एवढा झटत होता, तोही इथे येऊन अडला.

"तुले जा म्हनतो मी," तो म्हणाला, "पन पोट्टी नेऊ नको. परसरामचं एवढंच राह्यलं माह्यापाशी."

म्हाताऱ्याने तिच्यासमोर हात जोडले. सासऱ्याने हात जोडल्यावर सून काय बोलणार? ती एवढंच म्हणाली, "पोट्टी घरी एकटी राहाले शिकली की जाईन. तवापर्यंत माहं नाव काढू नका."

गोमाजी दिवसभर शेतावर असायचा, लीलाबाईही मजुरीला जायची. आई गेल्यावर पोरीला एकटं राहावं लागणार होतं, हे सुलोचनाला दिसत होतं. कडीआडून बाहेर आलेलं ते आवाज नसलेलं तोंड तिला पुन्हा पाहायचं नव्हतं. आपण जाऊ ते पोरीला शहाणी करून जाऊ, असं तिने ठरवलं. आईच ती, वाईटातलं वाईट काम करतानाही ते नीट करायला बसली.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि शिकवणी सुरू झाली.

भीती काढायला तिने एक युक्ती केली. टोलीत रीतच होती की रोवणा असो, कापणी असो, सगळे बांधीवर गेले तरी प्रत्येक घरात एक माणूस मागे ठेवायचं. म्हातारं ठेवा, पोर ठेवा, पण घर सुनं ठेवायचं नाही. सुलोचनाने पोरीला जवळ घेतलं आणि ही रीत तिला तिच्या भाषेत सांगितली.

"शकुन, घरालेही भेव लागते."

"घराले?"

"त! सारे आपले सोडून गेले म्हनते ते. भेते, थरथर करते. म्हनून एक जन घरी राहाते. तू राह्यली त घर भेनार नाही."

शकुनने भिंतीकडे पाहिलं. भिंत बिचारी गप्प उभी होती. पोरीने हळूच जाऊन तिच्यावर हात ठेवला.

"आनि मी येतो तवा घरात कोनी दिसलं पायजे. सुनं घर पाहून मलेही भेव लागते," सुलोचनाने आणखी एक ठोकून दिलं. हे मात्र खोटं नव्हतं.

"तू येतेस ना पन?"

"येतोच."

पहिल्या दिवशी ती नुसती विहिरीपर्यंत गेली. अर्धीच घागर भरून धावत परत आली, तर शकुन भिंतीला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून बसलेली. पण बसलेली! मग विहिरीवरून बोडी झाली. धुणं आपटताना सुलोचनाचं अर्धं लक्ष टोलीच्या वाटेकडे असायचं. मग बांधी. ती धान कापायला गेली की शकुन दारात बसायची, कोंबड्या हाकलायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐट दाखवायची. "माय बांधीवर गेली. मी घर राखून राहिली." लोकांना गंमत वाटायची. पदराला शिवलेली पोट्टी सुटी झाली, म्हणायचे. सुलोचना परत आली की शकुन आधी घरात तोंड करून सांगायची, "पाह्य, आली," आणि मग आईकडे धावायची.

सुलोचनाने एकदाही शब्द मोडला नाही. येतोच म्हणाली की यायचीच. पायात काटा मोडला तर तो न काढता आली. एकदा मुद्दाम उशीर करून पाहावा म्हणून गोठ्याआड लपून उभी राहिली, तर पोर उंबरठ्यावर बसून घराला समजावत होती. "भेवू नको. आता येते माय. ते येतेच." सुलोचनाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोर एकेक दिवस धीट होत होती, आणि ती जितकी धीट होई तितकं आईचं जाणं जवळ येई. पोरीला शाबासकी देताना आपण तिचा गळा कापतोय असं सुलोचनाला वाटायचं. तरी ती शाबासकी द्यायची. लाडाने कुरवाळायची, गुळाचा खडा द्यायची.

मळणी झाली. पौषात सुलोचना आंधळगावच्या बाजाराला जाऊन आली, सकाळची गेलेली दिवस कलताना परतली. शकुन दारात. डोळे कोरडे.

"मी नाही रडली," ती म्हणाली. "घरही नाही रडलं."

त्या संध्याकाळी गोमाजीने सुलोचनाकडे पाहिलं आणि सुलोचनाने मान खाली घातली.

माघात एके दुपारी तिने पोरीला भात भरवला, डोक्याला तेल लावून दोन वेण्या घातल्या, आणि मागच्या दाराकडे निघाली. पाटाला जाणारी बाई पुढच्या दाराने निघत नाही. सवाष्णींची तोंडं तिला पाहायची नसतात, की सवाष्णींना तिचं पाहायचं नसतं, ते पंचांनाच ठाऊक.

"कुठं जाऊन राहिली?" शकुनने विचारलं.

"बाजारले."

"मांगच्या दारानं काहून?"

"लीलाकाकीनं आंगन सारवलं. ओलं आहे."

"जा मंग. मी आहो ना," शकुन म्हणाली. आणि रोजच्यासारखं, "लवकर येजो."

सुलोचना रोज 'येतोच' म्हणायची. त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघेना. ती "हव" म्हणाली आणि बाहेर पडली. रात्री बपेऱ्याला चार माणसांत तिच्या हातात नव्या बांगड्या भरल्या.

जागेश्वरचं घर वाईट नव्हतं. माणूसही तांब्या पालथा घालणाराच होता. दाखवण्यापुरतं केलं असेल ही तिची धास्ती खोटी ठरली. थोरली सत्यभामा चार वर्षांची, धाकटा ईश्वर अजून रांगणारा. दुसऱ्याच दिवशी सत्यभामाने तिचा पदर धरला, आणि तो हात सोडवून घ्यावा की धरून ठेवावा हेच सुलोचनाला कळेना. ती दिवसभर कामात असायची आणि दिवसभर तिचे कान टोलीकडून येणाऱ्या वाटेला लागलेले असायचे. पोर रडते, पोर तापाने फणफणली, असं काहीतरी कानावर येईल म्हणून ती जीव मुठीत धरून होती. पण निरोप आला नाही. दिवस गेले तशी ती स्वतःला सांगू लागली, शिकली माझी पोर. राहते. आणि असं म्हणताना तिला आनंद व्हायला हवा होता.

होळीच्या सुमाराला गोमाजी स्वतः आला. पाटाच्या घरचं पाणी पहिला सासरा पीत नाही. तो बाहेर लिंबाखाली बसला. थकून अर्धा झाला होता.

"शकुन?" सुलोचनाने एवढंच विचारलं.

"रडत नाही पोट्टी," तो म्हणाला.

"बरं आहे मंग."

"कायचं बरं!" म्हातारा खेकसला आणि लगेच त्याचा आवाज फुटला. "रडली असती त लीलानं उचलून नेली असती, आपल्या पोराइत निजवली असती. रडून रडून विसरली असती. हे रडतच नाही. घर सोडत नाही वं ते. लीलाकडं जेवाले नाही, निजाले नाही. बाजूच्या घरी लगीन झालं, मांडवात गेली नाही. बांधीवर नेतो म्हनलं त खांबाले मिठी मारते. म्हनते, मी गेली आनि माय आली त? सुनं घर पाहून भेईन ते."

सुलोचना खाली बसली.

"तिले सांगतलं नाही का?"

"लीलानं सांगतलं, मी सांगतलं. तोंडावर सांगतलं, तुही माय पाट लावून गेली, येनार नाही. म्हनते, तुमाले ठाऊक नाही. माय येतेच. रोज मांगचं दार उघडं ठेवते. हाडं निघाली तिची."

आता सुलोचनाला कळलं आपण काय केलं ते. एकटं राहायला तिने शिकवलंच नव्हतं पोरीला. तिने शिकवलं होतं वाट पाहायला. आणि ते इतकं पक्कं, इतकं जीव लावून शिकवलं होतं की आता दुसऱ्या कुणालाही ते पुसता येत नव्हतं.

"तू ये," गोमाजी म्हणाला. "पाटाच्या बाईनं पहिला उंबरठा शिवू नाही म्हनतात. नको शिवू. आंगनात उभी राह्य. पन तुह्या तोंडानं सांग तिले. दुसऱ्याचं ते आयकत नाही."

ज्याने रीत म्हणून पोर ठेवून घेतली, तोच आज रीत मोडायला सांगत होता. सुलोचनाला राग यायला हवा होता. पण म्हाताऱ्याच्या पायाला फोड आले होते, एस. टी. चुकली म्हणून बराच रस्ता तो चालत आला होता. राग कुणावर काढायचा?

जागेश्वरने एक शब्द विचारला नाही. "मी घरी थांबतो पोराइपाशी," म्हणाला. "तू जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासऱ्याच्या मागून टोलीत शिरली. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. शकुन उंबरठ्यावर बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, गळ्याची हाडं वर आलेली. आई दिसली तरी ती धावली नाही. ती आधी उठली, घरात तोंड केलं आणि म्हणाली, "पाह्य, आली." मग गोमाजीकडे वळून, "आजा, मी म्हनलं होतं ना?"

गोमाजी बैलांकडे निघून गेला.

"ये ना घरात," शकुन म्हणाली.

"मले घरात येता येत नाही, माय माही. तूच ये इकडं."

शकुन पायरी उतरून आली. सुलोचनाने तिला मांडीवर घेतलं आणि बोटांनी तिच्या जटा सोडवू लागली. पोरीचं वजनच लागत नव्हतं. बराच वेळ ती नुसत्या जटा सोडवत राहिली. गुंता सुटेपर्यंत सांगायचं नाही असं जणू ठरवूनच बसली होती. पण गुंता सुटत नव्हता, आणि दिवस तर कलायला लागला.

"शकुन, मी राहाले नाही आली."

"अजून बाजारले जातेस?"

"नाही वं. मी आता इथं येनार नाही."

"सांजच्याले?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नाही."

शकुनने मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं. हे लीलाकाकी बोलत नव्हती, आजा बोलत नव्हता. तिने पहिल्यांदाच ते ऐकलं. तिचे हात थंड पडायला लागलेले सुलोचनाला आपल्या हातात कळले.

"बाबासारखी?"

"नाही! मी जित्ती आहो. बपेऱ्याले राहातो. तिथंच राहीन आता."

"मंग काहून येनार नाही?"

सुलोचनाने उत्तर शोधलं. रीत म्हणावं, पंच म्हणावं, आजाने हात जोडले म्हणावं. का सांगावं की तुझी आई चोवीस वर्षांची होती आणि एका माणसाने तांब्या विसळून ठेवला? एकही उत्तर सहा वर्षांच्या पोरीच्या हातावर ठेवण्यासारखं नव्हतं.

"मी भेत नाही आता," शकुन घाईघाईने म्हणाली. आपलं काही चुकलं म्हणून आई येत नाही असं तिला वाटलं असावं. "एक दिवसही घर सुनं नाही ठेवलं. आजाले इचार. लग्नालेही नाही गेली."

"मले ठाऊक आहे."

"मंग?"

"तिथं दोन लेकरं आहेत, शकुन. सत्यभामा तुह्याहून लहान आहे. ईश्वर त रांगतेच अजून. त्याइची माय मेली."

शकुनच्या कपाळावर आठी पडली. कोंबड्या पायांशी येऊन टोचत होत्या, तिने त्यांना हाकललं नाही.

"आता त्याइपाशी कोन आहे?" तिने विचारलं.

सुलोचनाने तोंड उघडलं. बाप आहे, असं सांगायचं होतं. जागेश्वर घरी थांबला होता आणि यावेळी ईश्वरला कडेवर घेऊन अंगणात फिरत असणार. पण पोरीचे डोळे तिला दिसले. त्या डोळ्यांत स्वतःचं काही नव्हतं. तिकडची दोन लेकरं होती, आणि बंद दार होतं. आणि पोर कशाने सोडेल ते आईला त्या क्षणी कळलं. खरं सांगायला आलेली बाई, शेवटचं खोटं बोलली.

"कोनी नाही," ती म्हणाली.

"एकटे ठेवून आली त्याइले?"

"हव."

शकुन मांडीवरून उठली. तिने आईचा पदर धरला होता तो आधी झटकला, मग जणू वाईट वाटलं म्हणून हाताने सारखा केला.

"मंग जा ना," ती म्हणाली. "भेतीन ते."

"शकुन..."

"जा ना वं! लहान आहेत ते. त्याइले ठाऊक नाही, तू येतेस म्हनून."

सुलोचनाने तिला पोटाशी धरलं. पोर ताठ उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी आईला ढकलू लागली. सहा वर्षांच्या हातांत जोर तो किती, पण त्या जोराने सुलोचना उठली. गोमाजी गोठ्याच्या दाराशी येऊन उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. अंगण ओलांडून ती वाटेला लागली. पाठीमागे सगळं शांत होतं. विहीर गेली तरी शांत. बायांच्या दारांवरून गेली, कुणी हाक मारली नाही.

ती बोडीच्या वळणावर पोहोचली तेव्हा शकुन रडली. आई दिसेनाशी होईपर्यंत तिने धीर धरला होता. आधी एक बारीक आवाज आला, मग तो मोठा झाला, मग सगळ्या टोलीभर झाला. दोन वर्षांपूर्वी बंद दाराआड संपून गेलेला तो आवाज होता. लीलाबाईची हाक ऐकू आली, धावणारी पावलं ऐकू आली. आता पोरीला उचलून नेतील. आता ती चार पोरांत झोपेल, जेवेल, हळूहळू विसरेल. ह्यासाठीच तर सुलोचना आली होती.

तिचे पाय मागे वळत होते. ती तशीच पुढे चालत राहिली. परत गेली असती, तर पोरीने पहिलं हेच विचारलं असतं, की ती दोन लेकरं तिकडे एकटी आहेत आणि तू अजून इथे कशी.